पाच खाचांची काठी

दाराच्या मागे, केरसुणीच्या शेजारी जी लांब काठी उभी असते ना, ती मी. साप मारायची नव्हे, कपडे वाळवायचीही नव्हे, जरी मला त्या कामालाही जुंपलं गेलं आहे. मी एका गवंड्याची मोजकाठी आहे, मित्रांनो, आणि आता जुनी झाले आहे. आजवर मी माझी हकीकत कुणाला सांगितली नाही. सांगणार कशी? काठीला कोण विचारतं? पण आज तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. जुन्या दाराच्या चौकटीतली एक सरळ पट्टी उरली होती. सुतार ती चुलीत घालणार, तेवढ्यात आमचे मिस्त्री तिथे आले. तेव्हा त्यांना कुणी मिस्त्री म्हणत नव्हतं. नुकतेच दुसऱ्याच्या हाताखालून सुटलेले तरुण गवंडी होते ते. अंगात उत्साह भरपूर आणि खिसा रिकामा. त्यांनी मला उचललं, एक डोळा मिटला आणि दुसऱ्या डोळ्याने माझ्या अंगावरून टोकापर्यंत पाहिलं. मी कुठेच वाकलेली नव्हते. "ही मला दे," ते सुताराला म्हणाले, "ही खोटं बोलायची नाही."

घरी आणून त्यांनी सपाट जागेवर पाच काँक्रीटचे ब्लॉक एका ओळीत मांडले. असा ब्लॉक तुम्ही पाहिला असेल. राखाडी, खडबडीत, विटेपेक्षा चांगला मोठा, उचलायला दोन्ही हात लागतात असा. दोन ब्लॉकांच्या मधे त्यांनी करंगळी मावेल एवढी फट ठेवली. त्या फटीला दर्ज म्हणतात. सिमेंट, वाळू आणि पाणी कालवून जे तयार होतं त्याला बांधकामावर माल म्हणतात. तो माल दर्जेत भरला की ब्लॉक एकमेकांना धरून राहतात. तर त्या ओळीवर मिस्त्रींनी मला निजवलं. त्यांची नवी नवरी माझं दुसरं टोक धरून बसली होती.

"हलवू नकोस हं," ते म्हणाले.

"मी कशाला हलवतेय? तुमचाच हात थरथरतोय," ती म्हणाली.

आणि खरंच, पहिली खाच पाडताना करवत जरा घसरली. तो ओरखडा माझ्या अंगावर अजून आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो.

अशा माझ्या एका अंगावर पाच खाचा पडल्या. एक खाच म्हणजे एक ब्लॉक आणि त्याची दर्ज. दुसऱ्या अंगावर दहा खाचा पडल्या. तिथे एक खाच म्हणजे भिंतीचा एक थर. फूट आणि इंच मला कधी कळले नाहीत. मला एकच भाषा येत होती, ती म्हणजे ब्लॉकांची.

आता माझं काम कसं चाले ते सांगते. समजा, कुणाला भिंत बांधायची आहे. तो विचारी, "मिस्त्री, ब्लॉक किती लागतील?" मिस्त्री मला खांद्यावर टाकून जागेवर जात. पायाच्या कडेने मला आडवी ठेवत, उचलत, पुढे ठेवत, पुन्हा उचलत. वीस वेळा मी निजले, तर वीस पाचे शंभर, म्हणजे एका थराला शंभर ब्लॉक. मग मला उभी करत. माझ्या डोक्यापर्यंत भिंत हवी असेल तर थर दहा. शंभर दाहे हजार. पण भिंतीला फाटक असतं, दार असतं, खिडकी असते. तिथे ब्लॉक लागत नाहीत, तेवढे वजा करायचे. शिवाय गाडीतून उतरवताना चार ब्लॉक फुटतात, कोपऱ्याला बसवताना दोन तोडावे लागतात, तेवढे मिळवायचे. झाला हिशेब. कागद नको, पेन्सिल नको.

फुटीचे ब्लॉक मिळवताना मात्र मिस्त्रींचा हात आखडे. भिंत झाल्यावर ब्लॉकांचा ढीग उरलेला त्यांना अजिबात खपत नसे. दुसरे गवंडी म्हणत, "थोडे जास्तच सांगावेत, बाबा. उरले तर उरले." मिस्त्री म्हणत, "उरले म्हणजे चुकलं." त्यांची भिंत पुरी झाली की बाजूला जेमतेम एक-दोन ब्लॉक पडलेले असत आणि लोक तोंडात बोट घालत. "मिस्त्रींची काठी म्हणजे काठी आहे हो!" असं कुणी म्हटलं की मिस्त्री माझ्या अंगावरून हात फिरवत. मीही काही कमी नव्हते. मी ताठ उभी राही. ताठ तर मी नेहमीच होते म्हणा.

भिंतीला कान असतात असं म्हणतात. भिंत मोजणाऱ्या काठीलाही असतात. किती घरांतली बोलणी मी ऐकली! कुणाला स्वयंपाकघर मोठं हवं, कुणाला शेजारी दिसायला नको, कुणाच्या घरात पाळणा हलणार म्हणून एक खोली वाढवायची आहे. माणसं भिंत बांधायला काढतात तेव्हा मनातलं बरंच बोलून जातात. मिस्त्री सगळं ऐकून घेत आणि शेवटी एकच आकडा सांगत. तो आकडा कधी चुकला नाही. निदान पुष्कळ वर्षं तरी नाही.

मिस्त्रींना एकच मुलगी झाली. पोर चालायला लागली तेव्हापासून बांधकामावर. वाळूच्या ढिगावर खेळायची, तिथेच झोपायची. शाळेतून आली की दप्तर टाकून थेट बापाच्या मागे. तिला माझी फार ओढ होती. मिस्त्री मला पायाच्या कडेने टाकत जात आणि ती मागून मोठ्याने मोजत येई. एकदा तिचा आकडा मिस्त्रींच्या आकड्यापेक्षा जास्त आला. ती रडकुंडीला आली. मिस्त्री खाली बसले, तिचा हात धरून त्यांनी कोपऱ्यावर ठेवला आणि म्हणाले, "हा ब्लॉक तू या भिंतीतही मोजलास आणि त्या भिंतीतही. कोपरा दोघींचा असतो, पण असतो एकच." पुन्हा तिने कोपरा कधी दोनदा मोजला नाही. पुढे तर ती दिसेल ती भिंत मोजायची. दवाखान्यात नेलं तर औषध विसरून दवाखान्याचे थर मोजत बसायची. तिची आई म्हणे, "हिला नवरा बघताना आधी त्याच्या घराच्या भिंती पक्क्या आहेत ना ते बघावं लागणार."

मोठी झाल्यावर ती बापाबरोबर कामालाच लागली. माल कालवायचा, ब्लॉक उतरवून घ्यायचे, रचायचे, भिजवायचे, हे सगळं ती करी. कामावरचे लोक तिला चेष्टेने 'छोटे मिस्त्री' म्हणत. चेष्टा असली तरी तिला ते नाव आवडे. तिला खरं मिस्त्री व्हायचं होतं. आमच्या कामात मिस्त्री म्हणजे कोण, ठाऊक आहे? ज्याच्या हातात मोजकाठी तो. ब्लॉक कुणीही लावील, पण किती मागवायचे हे जो सांगतो, तो मिस्त्री. एक-दोनदा ती म्हणाली, "बाबा, या वेळी मी मोजू?" मिस्त्री म्हणाले, "बघू पुढच्या वेळी." पुढची वेळ आली की तेच उत्तर. मिस्त्री तिच्यावर जीव टाकत. पण काठी काही हातातून सुटत नव्हती. मला त्या वेळी त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट मी फुगून जात असे, की पाहा, पोटच्या पोरीलाही मला हात लावू देत नाहीत! आज ते आठवलं की वाईट वाटतं.

आणि मग रोपवाटिकेचं काम आलं.

गावाबाहेर मोकळ्या जागेवर एका बाईंची रोपवाटिका होती. एका बाजूने सोसाट्याचा वारा येई आणि कोवळी रोपं आडवी होत. म्हणून त्या बाजूला बाईंना लांबच लांब भिंत हवी होती. बाई साध्या, मिस्त्रींचं नाव ऐकून आलेल्या. "माझी सगळी रोपं या भिंतीच्या आडोशाला राहणार आहेत, मिस्त्री," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी मला घेतलं, पाया मोजला, उंची मोजली, फाटक वजा केलं, फुटीचे मोजकेच मिळवले आणि आकडा सांगितला. जितके ब्लॉक, त्या हिशेबाने सिमेंटच्या गोण्या. दुसऱ्या दिवशी गाडी आली.

ब्लॉक उतरवून घेत होती मुलगी. ती एक ब्लॉक हातात घेऊन थांबली. तो ठेवला, दुसरा घेतला. मग बापाकडे आली.

"बाबा, ब्लॉक लहान वाटतोय."

"काय लहान वाटतोय?"

"हातात घेतला की कळतंय. नेहमी बोटं ताणावी लागायची. आज लागत नाहीत. एकदा काठीवर ठेवून बघू या ना."

मिस्त्री हसले. आजूबाजूला चार माणसं उभी होती, रोपवाटिकेच्या बाईही होत्या. ते म्हणाले, "ब्लॉक लहान नाही झाला गं, तुझा हात मोठा झालाय!"

सगळे हसले. तीही ओशाळून हसली आणि पुन्हा ब्लॉक उचलायला गेली. मित्रांनो, मी तिथेच होते, मिस्त्रींच्या हातात. एक ब्लॉक माझ्यावर ठेवायला कितीसा वेळ लागणार होता? पाणी पिण्याइतकाही नाही. पण हातच्या कंकणाला आरसा कशाला, असं मिस्त्रींना वाटलं. त्यांना माझी पारख करण्याची गरज कधी भासलीच नव्हती.

खरी गोष्ट अशी होती की ब्लॉकच्या कारखान्यात नवा साचा आला होता. नव्या साच्यातला ब्लॉक जुन्यापेक्षा करंगळीच्या जाडीएवढा कमी, लांबीलाही आणि उंचीलाही. नुसतं पाहून कळायचं नाही. कारखानेवाल्याने काही लपवलं नव्हतं. गाडीबरोबर निरोपही धाडला होता, की मिस्त्री, साचा बदललाय. गाडीवाल्याने निरोप सांगायला तोंड उघडलं तर मिस्त्री म्हणाले, "मला ब्लॉक शिकवतोस होय? चल, उतरव." तो बिचारा ब्लॉक उतरवायला लागला.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली! मिस्त्री भिंत बांधत ती माझ्या खाचांना धरून. पहिला ब्लॉक इथपासून इथपर्यंत, दुसरा इथपासून. ब्लॉक लहान असल्यामुळे मधली फट वाढली. एक करंगळी मावायची तिथे दोन मावू लागल्या. पण भिंत माझ्या खाचांशी तंतोतंत जुळत होती. थर जुळत होते, ओळंब्याची दोरीही सरळ पडत होती. मिस्त्री दर थराला मला लावून बघत आणि मान डोलावत. आणि मालाला तर तोंड नसतं. जेवढी फट, तेवढा तो जातो.

अर्धी भिंत झाली तेव्हा मुलगी पुन्हा आली. या वेळी तिच्या हातात रिकामं घमेलं होतं.

"बाबा, सिमेंट संपत आलंय. अजून निम्मी भिंत बाकी आहे. दर्ज जाड पडतेय, बघा तरी."

मिस्त्रींनी मला भिंतीला लावलं. "काठीशी जुळतंय ना?"

"काठीशी जुळतंय, पण..."

"मग झालं तर. तू सांडत असशील."

"मी नाही सांडत. अजून गोण्या मागवू या."

गोण्या मागवायच्या म्हणजे बाईंना सांगायचं, की माझा हिशेब चुकला. मिस्त्रींच्या आयुष्यात ही वेळ आली नव्हती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. बाई पलीकडे रोपांना पाणी घालत होत्या. ते आवाज खाली आणून म्हणाले, "वाळू वाढव. वरच्या थरांवर काय एवढा भार येणार आहे?"

"बाबा, माल कच्चा राहील."

"इथे मिस्त्री कोण?" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की कामावरचे सगळे थबकले. मुलीने वाळू वाढवली. बापाने सांगितलं होतं ना.

भिंत पुरी झाली. ब्लॉक बरोबर पुरले. बाजूला एकच उरला. मिस्त्रींनी तो सगळ्यांना दाखवला आणि मुलीला म्हणाले, "बघ, म्हणे ब्लॉक लहान!" लोकांनी माझी वाहवा केली. माझ्या आयुष्यातली ती शेवटची वाहवा. त्या वेळी मी पुष्कळ सुखावले, कारण पुढे काय होणार ते काठीला तरी कुठे माहीत होतं?

वाऱ्याचे दिवस आले. एका दुपारी रोपवाटिकेतून निरोप आला आणि मिस्त्री धावत गेले, मागोमाग मुलगी. भिंतीचा वरचा निम्मा भाग लांबवर आतल्या बाजूला कोसळला होता. खाली सगळी कोवळी रोपं चिरडली होती. ब्लॉक शाबूत होते, पण त्यांना चिकटलेला माल हाताने चोळला की वाळूसारखा गळत होता. बाई रोपांच्या मधे उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"नुकतीच मी इथून उठून चहा प्यायला गेले होते," त्या म्हणाल्या. "माणूस नव्हतं खाली, एवढंच नशीब. पण मिस्त्री, असं कसं झालं हो? तुमचं नाव ऐकून आले होते मी."

कामावरची माणसं जमली होती. सगळे मिस्त्रींच्याच तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्या हातात होते आणि त्यांची पकड मला घट्ट होत चाललेली जाणवत होती. मग ते म्हणाले, "माल मुलीने कालवला होता."

बस, एवढंच. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं, माल तिनेच कालवला होता. पण सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं. ती तिथेच उभी होती, फुटके तुकडे भरायला घमेलं घेऊन. तिने बापाकडे पाहिलं. वाळू वाढवायला कुणी सांगितलं होतं, हे ती चारचौघांत सहज बोलू शकली असती. पण तिने घमेलं हळूच खाली ठेवलं, बाईंना म्हणाली, "माफ करा, बाई," आणि निघून गेली.

सगळे पांगल्यावर मिस्त्री पडलेल्या ब्लॉकांत बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी एक धडका ब्लॉक उचलला, त्याच्यावरचा माल थापीने खरवडला आणि मला जमिनीवर निजवून तो माझ्या पहिल्या खाचेशी ठेवला. ब्लॉकची कड खाचेच्या बरीच अलीकडे राहिली. दर्ज धरूनसुद्धा अलीकडे. त्यांनी ब्लॉक फिरवून ठेवला. तेच. दुसरा घेतला, तिसरा घेतला. तेच. मग ते उरलेल्या उजेडात तसेच बसले, मांडीवर ब्लॉक घेऊन, एखाद्या आजारी लेकराला घेऊन बसावं तसे.

मला वाटलं, आता हे उठतील आणि थेट घरी जाऊन तिला सांगतील. चूक कुणाची होत नाही? चूक झाली, कळली, आता बोललं की मोकळं. वाटेत मी त्यांच्या खांद्यावर होते आणि माझ्या मनात हेच चाललं होतं. घरी आलो. मुलगी ओट्याशी उभी राहून हाताला लागलेलं सिमेंट धूत होती. मिस्त्री तिच्या मागे जाऊन उभे राहिले. दोनदा त्यांनी घसा खाकरला.

"जेवलीस का?" ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

मिस्त्री आत गेले. मला त्यांनी दाराच्या मागे उभं केलं.

भिंत त्यांनी पुन्हा बांधून दिली, स्वतःच्या खर्चाने, पक्की. रोपवाटिकेच्या बाईंनी त्यांना माफही केलं. पण भिंत उभी राहण्याआधीच मुलगी घर सोडून गेली होती. दूरच्या शहरात एका मोठ्या ठेकेदाराच्या ऑफिसात तिला काम मिळालं. इमारतींना किती ब्लॉक, किती सिमेंट, किती वाळू लागेल, ते काढायचं काम. जाताना तिने बापाला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "तब्येत सांभाळा." मिस्त्री म्हणाले, "पोचलीस की कळव." मी दाराच्या मागे होते. ती दारातूनच गेली, पण माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

भिंत पुरी झाली त्या दिवशी मुलीची आई मिस्त्रींना म्हणाली, "अहो, लोकांची भिंत उभी करून दिलीत. घरातलं पडलंय ते कोण उभं करणार?"

"तिला चांगली नोकरी मिळालीय," मिस्त्री म्हणाले.

"मी नोकरीचं विचारलं नाही."

पडलो तरी नाक वर, असा स्वभाव. मिस्त्रींनी बाजारातून गुंडाळायचा टेप आणला आणि माझं काम संपलं. कुणी विचारलं, "मिस्त्री, काठी कुठे गेली?" तर ते म्हणत, "ती आता चुकते." मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला उन्हाने तडे गेले, पावसाने फुगवटा आला, मी हूं की चूं केलं नाही. पण या बोलण्याने मला रडू आलं असतं, जर काठीला रडता आलं असतं तर. मी चुकत नव्हते हो! ज्या ब्लॉकांवरून मी बनले, त्यांच्याशी मी आजही इमानदार आहे. जग बदललं आणि मला कुणी सांगितलं नाही. ज्यांना सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही.

पुढची वर्षं कशी गेली ते काय सांगू! माझ्या टोकाला फडकं बांधून जळमटं काढली गेली. वाऱ्याने आपटणाऱ्या खिडकीला मी टेकू म्हणून लागले. फोन आला की आई बोले आणि मिस्त्री बाजूला बसून कान देत. फोन ठेवला की विचारत, "काय म्हणते?" आई म्हणे, "तुमच्याशी बोलायचं का म्हणून विचारत होती." "मग दिला का नाहीस?" "तुम्ही हात केलात का पुढे?" हे बोलणं इतक्या वेळा झालं की मला पाठ झालं. शहरात ती खूप पुढे गेली म्हणे. तिच्या हिशेबावर मोठमोठ्या इमारती उठतात म्हणे. मिस्त्री हे सगळ्यांना सांगत फिरत. शेजाऱ्याला, न्हाव्याला, कारखानेवाल्यालाही. "माझी पोर एकही ब्लॉक वाया जाऊ देत नाही," असं छाती फुगवून सांगत. जिला सांगायचं तिला सोडून साऱ्या जगाला सांगून झालं.

मग मिस्त्रींचे गुडघे गेले. आयुष्यभर उकिडवं बसून भिंती बांधल्या, त्याचं हे फळ. पायऱ्या उतरून मागच्या अंगाला न्हाणीघरात जाणं त्यांना जमेना. त्यांच्या खोलीला लागूनच एक छोटं न्हाणीघर बांधायचं ठरलं आणि आईने मुलीला फोन केला. ती सुट्टी काढून आली. केसांत थोडे पांढरे दिसत होते. बोलणं मऊ, पण कामाचं. मिस्त्री खुर्चीत बसून होते आणि मी दाराच्या फटीतून बघत होते.

ब्लॉक आले. गाडीवाला उतरवायला लागला तशी ती म्हणाली, "जरा थांबा." तिने गाडीतून एक ब्लॉक घेतला, त्याची लांबी मोजली, उंची मोजली. दुसरा घेतला, तोही मोजला. मग म्हणाली, "हं, उतरवा." नंतर हातातल्या एका छोट्या यंत्रातून तिने भिंतीवर लाल ठिपका टाकला आणि क्षणात मापं घेतली. दार वजा केलं, फुटीचे चांगले सढळ हाताने मिळवले. मिस्त्री एकटक बघत होते.

मग ते उठले. त्यांना उठायला किती कष्ट पडतात ते मला माहीत आहे. भिंतीला धरत धरत ते दारापाशी आले, मला बाहेर काढलं, माझ्या टोकाचं फडकं सोडलं आणि सदऱ्याच्या बाहीने माझ्यावरची धूळ पुसली. पहिल्या खाचेपासून पाचव्यापर्यंत. तेवढ्याने त्यांना धाप लागली. मग त्यांनी मला दोन्ही हातांवर घेऊन तिच्यापुढे धरलं.

"घे," ते म्हणाले. "ही आता तुझ्याकडे असू दे. तू मिस्त्री."

किती वर्षं तिने या एका गोष्टीची वाट पाहिली होती! तिने माझ्याकडे पाहिलं. खूप मायेने पाहिलं. पण तिचा हात पुढे आला नाही.

"राहू द्या, बाबा," ती हळूच म्हणाली. "मला आता नाही लागत ही."

मिस्त्री मला धरून तसेच उभे राहिले. त्यांची मान खाली गेली. मग इतक्या वर्षांनी, इतक्या बारीक आवाजात की मलाच आधी ऐकू आलं, ते म्हणाले, "तेव्हा तो ब्लॉक लहानच होता गं."

"माहीत आहे, बाबा."

"माहीत होतं? मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते, बाबा."

आतून आई बघत होती. मुलीने त्यांना दंडाला धरून खुर्चीत बसवलं, पाणी आणून दिलं आणि न्हाणीघराचं काम बघायला गेली. चार दिवसांत न्हाणीघर झालं, भक्कम झालं आणि ती परत शहरात गेली. जाताना तिने बापाला जवळ घेतलं. रुसवा असा तिच्या मनात उरला नव्हता. पण ती राहिलीही नाही. राहण्यासारखं जे होतं त्याची वेळ केव्हाच निघून गेली होती. बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात ते हेच. मिस्त्री अजून कधीकधी मला मांडीवर घेऊन बसतात, खाचांवरून बोट फिरवतात आणि बोलतात. "तिने सांगितलं होतं मला," म्हणतात. "चारचौघांत मी तिचं नाव घ्यायला नको होतं," म्हणतात. सगळं बोलतात, अगदी शहाण्यासारखं बोलतात. माझ्याशी.

मित्रांनो, एका जुन्या काठीची तुमच्याकडे एवढीच विनवणी आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही बांधाल. तेव्हा माप घ्याल ते दर वेळी नव्याने घ्या, कालच्या मापावर आजची भिंत बांधू नका. आपल्या माणसांचंही तसंच आहे, ती आपल्या डोळ्यांदेखत वाढतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. आणि चुकलंच कधी, तर काठीला सांगत बसू नका हो. जिला सांगायचं तिला सांगा, ती घरात आहे तोवर.